घरातला सर्व्हर आणि १८० दिवसांची मुदत

वाचकांचे प्रश्न : संगणक

गेल्या काही आठवड्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून आलेल्या पत्रांचा रोख बराचसा एकाच गोष्टीकडे होता. घरी सर्व्हरचा सराव करायचा आहे, सॉफ्टवेअर विकत घेणे परवडणारे नाही, मग चाचणी आवृत्तीवर कितपत भिस्त ठेवावी, असे अनेकांनी विचारले आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण इतरांच्या निम्म्या शंका त्यातच आलेल्या आहेत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावच्या एका तंत्रनिकेतनात संगणक शाखेच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. काकांच्या कार्यालयातला जुना डेस्कटॉप मला मिळाला आहे आणि त्यात १६ जीबी रॅम बसवून घेतली आहे. त्यावर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) करून विंडोज सर्व्हर व ॲक्टिव्ह डिरेक्टरी (संस्थेतील खाती व संगणक एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) शिकण्याचा विचार आहे. चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते असे समजले. मुदत संपल्यावर मी तयार केलेले डोमेन (एका व्यवस्थेखाली आणलेली खाती व संगणक) वाया जाईल का? मित्र म्हणतो की घड्याळ मागे घ्यावे किंवा जुना स्नॅपशॉट (मशीनची जपून ठेवलेली आधीची अवस्था) परत आणावा, म्हणजे मुदत पुन्हा सुरू होते. काही शे रुपयांत ‘कायमची की’ (सॉफ्टवेअर सक्रिय करण्याचा क्रमांक) मिळते असेही कळले. ती घेतल्यास चालेल का?

उत्तर : सर्वप्रथम मुदतीचा हिशेब समजून घ्यावा. विंडोज सर्व्हरच्या मूल्यमापन आवृत्तीचे, म्हणजेच चाचणी आवृत्तीचे, १८० दिवस हे कॅलेंडरचे दिवस आहेत; मशीन किती तास चालू होते याच्याशी त्यांचा संबंध नाही. तुमच्याकडे पावसाळ्यात वीज जाऊन दोन-दोन दिवस डेस्कटॉप बंद राहिला, गणपतीत कुणी खोलीकडे फिरकले नाही किंवा सत्राच्या परीक्षेत महिनाभर अभ्यास थांबला, तरी ते सगळे दिवस मुदतीतूनच वजा होतात. म्हणून फाईल आजच उतरवून ठेवली तरी सर्व्हर बसवण्याची घाई करू नये. परीक्षा संपून सलग वेळ हाती येईल तेव्हाच तो बसवावा.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ही आवृत्ती बसवल्यापासून १० दिवसांच्या आत इंटरनेटवरून सक्रिय व्हावी लागते, नाहीतर ती आपोआप बंद पडू लागते. घरच्या प्रयोगशाळेत आपण बहुधा सुरक्षिततेसाठी आतल्या आत जोडलेले, बाहेरच्या जगाशी संबंध नसलेले नेटवर्क करतो आणि नेमके तिथेच हे नडते. पहिल्याच दिवशी मशीनला मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून का होईना इंटरनेट द्यावे, सक्रियतेची खात्री करून घ्यावी आणि मगच ते आतल्या नेटवर्कवर न्यावे.

तुमच्या प्रयोगशाळेत मुदतीची घड्याळे एक नव्हे, दोन असतील. डोमेनला जोडण्यासाठी ग्राहक मशीनही (कर्मचाऱ्याच्या टेबलावर असतो तसा साधा संगणक) लागते आणि विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही. त्यामुळे विंडोज ११ एंटरप्राइझची मूल्यमापन आवृत्ती घ्यावी लागेल आणि तिची मुदत ९० दिवसांचीच आहे. तिला नंतर की देऊन कायमची करता येत नाही, नव्यानेच बसवावी लागते. सर्व्हरच्या एका मुदतीत ग्राहक मशीन निदान एकदा पुन्हा उभे करावे लागेल, हे आधीच गृहीत धरावे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. तुमच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये ते नसले तरी व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅमच्या ७.० पासूनच्या आवृत्त्यांत आभासी टीपीएम मिळते. रॅमच्या बाबतीत ग्राहक मशीनला ४ जीबी आणि प्रत्येक सर्व्हरला २ ते ३ जीबी दिली, तर १६ जीबीत तुमचे काम भागेल.

आता मूळ प्रश्न. मुदत संपल्यावर डिस्कवरील माहिती पुसली जात नाही, परंतु सर्व्हर साधारण दर तासाला स्वतःहून बंद होऊ लागतो, म्हणजे व्यवहारात तो निकामीच होतो. साधा सर्व्हर असेल तर वैध की देऊन त्याचे पूर्ण आवृत्तीत रूपांतर करण्याची सोय आहे. डोमेन कंट्रोलरला, म्हणजे डोमेनचा कारभार पाहणाऱ्या सर्व्हरला, मात्र ही सोय नाही. ज्या मूल्यमापन सर्व्हरवर ॲक्टिव्ह डिरेक्टरी बसवली आहे, तो थेट पूर्ण आवृत्तीत बदलता येत नाही. त्यामुळे ‘कायमची की’ अस्सल निघाली, तरी तुमच्या डोमेन कंट्रोलरवर तिचा काही उपयोग होणार नाही.

डोमेन वाचवायचे असेल तर मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांतच सांगितलेला मार्ग असा आहे की दुसरा सर्व्हर उभा करून त्यालाही त्याच डोमेनचा कंट्रोलर करावे, दोघांमधील माहितीची देवाणघेवाण नीट होते आहे हे पाहावे, पहिल्याकडील विशेष भूमिका दुसऱ्याकडे सोपवाव्यात आणि मग पहिल्यावरून ॲक्टिव्ह डिरेक्टरी काढून टाकावी. या भूमिका पाच आहेत : स्कीमा मास्टर, डोमेन नेमिंग मास्टर, आरआयडी मास्टर, पीडीसी एम्युलेटर आणि इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर. अभ्यासक्रमात ही पाच नावे पाठ करून गुण मिळतात. पण भूमिका हलवताना डीएनएसची (नावावरून मशीनचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची) एक नोंद चुकली की काय होते, हे मशीनसमोर बसल्याशिवाय कळत नाही. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी हे स्थलांतर करायला घ्यावे. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये, कारण तासातासाला बंद पडणाऱ्या सर्व्हरवरून भूमिका हलवणे हा डोक्याला ताप असतो.

मित्राने सुचवलेले दोन्ही उपाय सोडून द्यावेत. ते परवान्याच्या अटींत बसत नाहीत हे एक कारण, आणि ज्या गोष्टीसाठी तुम्ही प्रयोगशाळा उभारता आहात तीच त्यांच्यामुळे बिघडते हे दुसरे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील लॉगिन केर्बेरॉस पद्धतीने होते आणि त्यात ग्राहक व कंट्रोलर यांच्या घड्याळांत मूळ मांडणीनुसार ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. सर्व्हरची तारीख चार महिने मागे नेल्यावर लॉगिन अडते, प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि तुम्ही शोधत बसता की पासवर्डमध्ये काय चुकले. स्नॅपशॉट परत आणल्याने मशीन जुन्या अवस्थेत जाते, पण मुदतीची अखेरची तारीख तीच राहते आणि घड्याळ आजची वेळ दाखवू लागले की मुदतही तेवढीच सरलेली दिसते. शिवाय डोमेनमध्ये दोन कंट्रोलर असताना त्यांपैकी एकालाच मागे नेले, तर दोघांच्या नोंदींचा ताळमेळ बिघडू शकतो.

मुदत वाढवण्याची विंडोजमध्ये स्वतःची अशी ‘रिआर्म’ नावाची सोय आहे. ‘एसएलएमजीआर’ या आज्ञेला ‘/डीएलव्ही’ जोडून चालवल्यास किती दिवस उरले आणि रिआर्म किती वेळा शिल्लक आहे, हे दोन्ही दिसते. तेवढी सोय जरूर वापरावी. तरीही माझे मत असे की शिकणाऱ्याने मुदत लांबवण्यापेक्षा सगळे पुन्हा उभारता येण्याची तयारी करावी. एक काल्पनिक पतसंस्था मनात धरा. तिचे मुख्य कार्यालय बेळगावात आणि शाखा खानापूर, निपाणी व चिकोडी येथे आहेत असे समजा. शाखांची रचना, कर्मचाऱ्यांची खाती, गट आणि कोणाला कोणते फोल्डर दिसावे, हे सारे हाताने न भरता पॉवरशेलच्या (विंडोजला लेखी आज्ञा देण्याच्या साधनाच्या) स्क्रिप्टमध्ये लिहा. कर्मचाऱ्यांची यादी सीएसव्ही फाईलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाईलमध्ये) ठेवा आणि स्क्रिप्ट व यादी दोन्ही व्हर्च्युअल मशीनच्या बाहेर जपून ठेवा. आपल्या भागात एकाच कार्यालयात मराठी आणि कन्नड नावे असतात, तेव्हा यादीतही दोन्ही लिपींतील नावे घ्यावीत. लॉगिनचे नाव रोमन लिपीत ठेवले तरी दर्शनी नाव देवनागरीत किंवा कन्नडमध्ये देता येते. मात्र सीएसव्ही फाईल यूटीएफ-८ मध्ये (सर्व लिपी सामावणाऱ्या पद्धतीत) साठवली नाही आणि ती वाचताना तसे सांगितले नाही, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. अशी स्क्रिप्ट हाताशी असली की सर्व्हर नव्याने बसवल्यानंतर पतसंस्था उभी करण्याचे काम एका दुपारचे उरते.

‘की’विषयी, म्हणजे किल्लीविषयी, एवढेच सांगतो. काही शे रुपयांत विकल्या जाणाऱ्या किल्ल्या पुष्कळदा एखाद्या संस्थेच्या घाऊक परवान्यातून किंवा विकसकांसाठीच्या सदस्यत्वातून बाहेर पडलेल्या असतात. विकणाऱ्याला त्या विकण्याचा अधिकार नसतो आणि त्या कधीही बंद होऊ शकतात. ‘ॲक्टिव्हेटर’ नावाने फिरणारे प्रोग्रॅम त्याहून वाईट, कारण अँटिव्हायरस बंद करून त्यांना प्रशासकाचे पूर्ण अधिकार द्या, अशीच त्यांची पहिली सूचना असते. यांपैकी अनेक प्रोग्रॅम घाऊक परवान्याच्या केएमएस सक्रियतेची (संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होणाऱ्या सक्रियतेची) नक्कल करतात आणि खरी केएमएस सक्रियतासुद्धा एका वेळी १८० दिवसांचीच असून तिचे नूतनीकरण होत राहावे लागते, म्हणजे ‘कायमची’ हा दावा तिथेच लंगडा पडतो. कायद्याचे सांगायचे तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ब प्रमाणे संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता ५०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकते. ज्या विद्यार्थ्याला अधिकृत आवृत्ती सहा महिने फुकट मिळते आहे, त्याने हा धोका का पत्करावा, हे मला उमगत नाही.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना. गावात मोबाईल डेटाची रोजची मर्यादा असल्यामुळे तुम्ही सर्व्हरची आयएसओ फाईल (जिच्यातून तो बसवतात ती) बहुधा बेळगावात मित्राकडे उतरवून पेनड्राइव्हवर न्याल. ती ४ जीबीहून मोठी असते आणि एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एवढी मोठी फाईल मावत नाही. जागा असूनही ‘फाईल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावा.

प्रश्न : मी निपाणी येथे एका व्यापाऱ्याकडे हिशेब पाहतो. घरी शिकण्यासाठी विंडोज सर्व्हर आणि एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) चाचणी आवृत्तीत बसवले आहेत. नवा संगणक येईपर्यंत दोन महिने दुकानाचे बिलिंग त्यावर चालवावे, असे मालकांचे म्हणणे आहे. मुदत शिल्लक असल्याने हरकत नसावी ना?

उत्तर : हरकत आहे. मुदत शिल्लक असणे आणि त्या कामासाठी परवानगी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मूल्यमापनाच्या परवान्यात प्रत्यक्ष कामकाजासाठी सॉफ्टवेअर वापरण्याची मुभा नसते, मग ते दोन महिने असो की दोन दिवस.

परवाना वाचताना बंधन कशावर आहे ते आधी पाहावे. कधी ते काळावर असते, कधी सोयींवर, कधी हेतूवर. टॅलीप्राइमचा एज्युकेशनल मोड तुमच्या परिचयाचा असेलच. त्यात कितीही वर्षे शिका, परंतु नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांच्याच करता येतात. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती फुकट आहे, तिला मुदत नाही आणि तिच्यात महागड्या आवृत्तीच्या सर्व सोयी आहेत, पण ती विकसन आणि चाचणीपुरतीच वापरायची असते. दुकानाचे खरे बिल तिच्यावर फाडता येत नाही. शिकण्यासाठी तुम्ही १८० दिवसांच्या मूल्यमापन आवृत्तीऐवजी ही डेव्हलपर आवृत्ती घ्यायला हवी होती. दुकानासाठी एक्सप्रेस आवृत्ती आहे. तीही फुकट असून व्यवसायात वापरता येते. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे आणि दुकानाच्या बिलांना ती बराच काळ पुरेल. एक्सप्रेससाठी विंडोज सर्व्हर लागत नाही, दुकानातल्या परवानाधारक विंडोज ११ वर ती चालते. मालकांना हेच सांगावे.

प्रश्न : मी शहापूर, बेळगाव येथील निवृत्त शिक्षक आहे. गल्लीतील पाच-सहा मुलांना संध्याकाळी घरी विनामूल्य लिनक्स आणि नेटवर्किंग शिकवतो. एकाच खात्यावर सर्व सॉफ्टवेअर घेऊन ते मुलांच्या मशीनवर टाकले तर चालेल का? वैयक्तिक वापर म्हणजे नेमका कोणाचा वापर, याविषयी माझ्या मनात गोंधळ आहे.

उत्तर : गुरुजी, आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी वेगळे आहे.

व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ प्रोग्रॅम मुक्त परवान्याखाली आहे, तो हव्या तितक्या मशीनवर निःशंकपणे टाकावा. त्याच्यासोबत वेगळा उतरवावा लागणारा एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींचा संच) मात्र निराळ्या परवान्याचा आहे. तो वैयक्तिक, शैक्षणिक आणि मूल्यमापनाच्या वापरासाठी विनामूल्य आहे, पण तिथे शैक्षणिक म्हणजे शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे. घरगुती वर्ग त्यात बसतो की नाही यावर वाद घालण्यापेक्षा तो पॅक टाळावा, कारण आपल्या कामाला त्याची गरज पडणार नाही. त्याच कामाचे व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरासह सर्वांसाठी विनामूल्य झाले आहे. ते उतरवण्यासाठी ब्रॉडकॉमकडे खाते काढावे लागते, एवढाच काय तो व्याप.

रेड हॅट या लिनक्स कंपनीची व्यक्तींसाठी असलेली विकसक वर्गणी २०२१ पासून १६ मशीनपर्यंत विनामूल्य मिळते, आणि हा आकडा पाहून आपण म्हणता तसा मोह होणे साहजिक आहे. परंतु ती वर्गणी खातेदार व्यक्तीची असते. त्या १६ मशीन आपल्या स्वतःच्या असाव्यात, पाच-सहा मुलांत वाटण्यासाठी नव्हेत. प्रत्येक मुलाने स्वतःचे खाते काढावे आणि वर्षाने ते नूतन करावे. हा खटाटोप नको असेल तर अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स घ्यावे. रेड हॅटशी मिळत्याजुळत्या, विनामूल्य अशा जुन्या सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपल्यावर ज्यांनी ती जागा भरून काढली, तेच हे दोन प्रकल्प. रेड हॅटच्या परीक्षेचा बहुतेक सराव त्यांच्यावर होतो आणि खातेही लागत नाही. नेटवर्किंगसाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर (आभासी नेटवर्कवर सराव करण्याचा प्रोग्रॅम) नेटवर्किंग अकॅडमीच्या विनामूल्य खात्यावर मिळते. तेही प्रत्येकाने आपापल्या नावाने घ्यावे.

पुढेमागे एखाद्या जुन्या मशीनवर प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) बसवलेत, तर लॉगिन करताना ‘वैध वर्गणी नाही’ असा संदेश येईल. मुले तो पाहून घाबरतात. तो मुदतीचा इशारा नाही. प्रॉक्समॉक्स मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि वर्गणी असते ती कंपनीच्या मदतीसाठी व अधिक तपासलेल्या अद्यतनांसाठी.

प्रश्न : पूर्वी मायक्रोसॉफ्टची टेकनेट नावाची वार्षिक वर्गणी असे आणि त्यात शिकण्यासाठी सर्व सॉफ्टवेअर मुदतीविना मिळे. ती आता कुठे मिळेल? – एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : कुठेही मिळणार नाही. टेकनेटच्या वर्गणीची विक्री ३१ ऑगस्ट २०१३ रोजी थांबली आणि तिच्या जागी कंपनीने मूल्यमापन केंद्राकडे (चाचणी आवृत्त्या देणाऱ्या आपल्या संकेतस्थळाकडे) बोट दाखवले. घरी शिकणाऱ्यांचे त्यात नुकसान झाले असे मला आजही वाटते. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या विकसक कार्यक्रमात मिळणारी विनामूल्य सराव जागाही २०२४ पासून सरसकट सर्वांना मिळत नाही, तेव्हा जुन्या चित्रफिती पाहून तिच्या भरवशावर बेत आखू नये.

प्रश्न : चिकोडीत माझ्याकडे ४ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, त्यावर व्हर्च्युअल मशीन चालत नाही. ॲझ्युअरच्या (इंटरनेटवरून संगणक भाड्याने देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेच्या) फुकट खात्यावर सर्व्हर शिकावा असे वाटते, पण कार्डाचा क्रमांक मागतात आणि घरचे त्याला तयार नाहीत. पैसे कापले जाण्याची भीती खरी आहे का?

उत्तर : तुम्ही मान्यताप्राप्त महाविद्यालयात शिकत असाल आणि महाविद्यालयाने दिलेला ईमेल असेल, तर कार्डाचा प्रश्नच उद्भवत नाही. ॲझ्युअर फॉर स्टुडंट्समध्ये कार्ड न देता १०० डॉलरची रक्कम १२ महिन्यांसाठी मिळते. आधी महाविद्यालयात ईमेलची चौकशी करावी. तो काढून देण्याची सोय असूनही अनेक विद्यार्थी मागतच नाहीत.

सर्वसाधारण विनामूल्य खात्यात २०० डॉलर ३० दिवसांपुरते मिळतात आणि कार्ड ओळख पटवण्यासाठी घेतले जाते. रक्कम किंवा मुदत संपल्यावर सेवा थांबतात; तुम्ही स्वतः होऊन ‘वापराप्रमाणे पैसे’ या योजनेत गेल्याशिवाय आकारणी सुरू होत नाही. घरच्यांना हे वाचून दाखवावे आणि त्या योजनेत जाण्याविषयी विचारणा आली तर घाईघाईने होकार देऊ नये.

पैसे वाया जातात ते निराळ्याच कारणाने. व्हर्च्युअल मशीनच्या आत जाऊन विंडोज नेहमीसारखे बंद केले की आपल्याला वाटते काम संपले; परंतु मशीनसाठी राखलेली संगणनक्षमता तशीच राखून ठेवलेली असते आणि तिचे शुल्क रकमेतून कापले जात राहते. ॲझ्युअरच्या पोर्टलवर जाऊन तिथूनच मशीन थांबवावे आणि त्याच्या नावापुढे ‘स्टॉप्ड (डीॲलोकेटेड)’ असे दिसेपर्यंत थांबावे. त्यानंतरही डिस्कचे थोडे शुल्क लागतेच, म्हणून सराव संपलेली मशीन डिस्कसह काढून टाकावी. रोज ठरावीक वेळी मशीन आपोआप बंद करण्याची सोयही तिथे आहे; मशीन तयार करतानाच ती रात्रीच्या वेळेसाठी लावून ठेवावी.